शनिवार तेल्यांच्या मुलांना त्यांचा शनिवार द्या

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण मधेच सोडू नका.

दर एक-दोन वर्षांनी कुठल्या तरी वर्तमानपत्रात एक ठरलेली बातमी येते. "ज्यूंची शाळा, पण ज्यू विद्यार्थी जवळपास नाहीतच." सोबत माझगावच्या सर एली कदूरी शाळेचा नाहीतर भायखळ्याच्या जेकब ससून शाळेचा फोटो. आज तिथली बहुतेक मुलं मुस्लिम आहेत, भिंतीवर दाविदाचा तारा आहे, आणि हाच कसा मुंबईचा सलोखा वगैरे. लोक वाचतात, गहिवरतात, पुढे पाठवतात. सलोखा मलाही आवडतो, तो असाच राहो. पण त्या बातमीत एक प्रश्न कधीच विचारलेला नसतो. मग ज्यूंची मुलं गेली कुठे?

"इस्रायलला गेली" हे उत्तर अर्धंच. जे गेले नाहीत, जे ठाण्यात, भायखळ्याला, पनवेल-अलिबागच्या बाजूला राहिले, त्यांची मुलं आज कुठल्या शाळेत आहेत ते बघा. इंग्रजी माध्यमाच्या. आणि त्यातही शक्यतो अशा, ज्या आठवड्याला पाचच दिवस भरतात.

मी बेने इस्रायल आहे. तीस वर्षं ठाण्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. घरात मराठी, मशिदीत मराठी (हो, आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात), भांडण मराठीत आणि रडणंही मराठीत. आणि आज मी हे लिहायला बसले आहे, कारण मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चे काढणाऱ्या माझ्याच मित्रमैत्रिणींना एक साधी गोष्ट दिसत नाही. मराठी शाळेने आम्हाला शनिवार दिला नाही, म्हणून आमची मुलं तिच्यातून उठून गेली. हे एकच कारण नाही हे मला कळतं. इंग्रजीचं आकर्षण सगळ्यांनाच आहे, आम्ही काही वेगळे नाही. पण जे कारण दूर करायला एक पैसा लागत नाही, ते तरी दूर करा ना.

शनिवार म्हणजे काय, ते आधी सांगते. हिब्रूमध्ये वारांना नावं नाहीत. रविवार म्हणजे पहिला दिवस, सोमवार दुसरा, असं करत शुक्रवार सहावा, आणि मग शब्बाथ. नाव फक्त त्या एकाच दिवसाला. सगळा आठवडा त्या दिवसाच्या दिशेने मोजत जायचा. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लागतो, काळे मनुके भिजवून केलेलं शरबत पेल्यात ओततात, चपात्यांवर स्वच्छ फडकं घालतात, आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत काम बंद. आमच्या पूर्वजांची जहाजं नवगावच्या किनाऱ्याला फुटली, अशी आमच्यात कथा आहे. पुढे शेकडो वर्षं कोकणात राहून ते हिब्रू विसरले, सणांची मूळ नावं विसरले. पुरीमला "होळीचा सण" म्हणू लागले, किप्पूरला "दारफाळणीचा सण". तिशा बेआवला वालाचं बिरडं करायचं म्हणून तो "बिरड्याचा सण". एवढं सगळं विसरलेल्या माणसांनी शनिवार मात्र सोडला नाही. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवतात, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

आता गंमत बघा. त्याच कुलाबा जिल्ह्यात सोमवार तेलीही होते. हिंदू तेली, सोमवारी घाणा बंद ठेवणारे. गावाला दोघेही चालत होते. याचा घाणा सोमवारी बंद, त्याचा शनिवारी, ज्याला तेल पाहिजे त्याने वार बघून जावं. कुणी म्हटलं नाही की "सगळ्यांनी एकच सुट्टी घ्या, नाहीतर शिस्त बिघडते". (शनीला तेल वाहायच्या नेमक्या दिवशी आमच्या तेल्याचं दुकान बंद. गिऱ्हाइकं शुक्रवारीच बुधली भरून नेत असणार!) अडाणी म्हणवणाऱ्या गावाला जे जमलं, ते आपल्या शिक्षण खात्याला जमत नाही.

आणि शाळेचा इतिहासही तोच आहे. आमच्या समाजाला आधुनिक शिक्षण पहिल्यांदा मिळालं ते मिशनऱ्यांकडून. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, ते आमच्यासाठीच. उपकार मानायलाच हवेत. पण मिशनच्या शाळेत मूल धडा शिकलं की सोबत त्यांचा धर्मही शिकणार, हे उघड होतं. हाईम सॅम्युएल केहिमकर नावाच्या अलिबागच्या माणसाने १८७५ मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढली, ती या पार्श्वभूमीवर. हीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. केहिमकरांना वेगळी भाषा नको होती. मुलांना मराठी होतीच. त्यांना पाहिजे होती अशी शाळा, जिथे मूल शिकेल, हिब्रू प्रार्थना वाचायला लागेल, आणि आपला वार पाळल्याबद्दल त्याला कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, पुण्यात हग्गादा छापला गेला. वल्हांडणाच्या रात्री घराघरात वाचायचं पुस्तक ते. हिब्रू आणि मराठी शेजारीशेजारी, आणि चित्रात साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. १८८० पासून आमच्यात कीर्तनं सुरू झाली. मराठी कीर्तनं, चिपळ्या-पेटीसह, आणि आख्यान कुणाचं, तर बायबलमधल्या पुरुषांचं. मराठी टिकवायची कशी यावर परिसंवाद घेणाऱ्यांनी जरा इकडे बघावं. मूठभर लोकांनी आपला धर्म मराठीत आणला, मराठी सोडून धर्म सांभाळला नाही. याच शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन, १९२२ ते १९५०. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, १९०५ मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक मराठी ज्यू बाई शाळा चालवत होती, हे आपल्या किती शिक्षक प्रशिक्षणांत सांगितलं जातं? माझ्या डी.एड.ला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

प्राथमिक शाळेचा आठवडा किती काम करतो, ते मी दिमोनाला पाहिलं. माझी धाकटी बहीण तिथे स्थायिक झाली, तिच्या नातवाच्या शाळेत एका शुक्रवारी गेले होते. धार्मिक शाळा नव्हे हं, साधी सरकारी. निम्म्या पोरांचे आईबाप शनिवारी गाडी काढून समुद्रावर जाणारे. शाळा रविवारपासून भरते, शुक्रवारी लवकर सुटते. तर त्या दिवशी पहिलीच्या वर्गात एक मुलगी "आई" झाली होती, एक मुलगा "बाबा". दर शुक्रवारी जोडी बदलते, त्यामुळे वर्षभरात प्रत्येकाची पाळी येते. टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, झाकलेली गोड पोळी, पेल्यात द्राक्षाचा रस. एक डबा फिरला, प्रत्येकाने त्यात नाणं टाकलं. ते पैसे कुणाला द्यायचे याची चर्चा पोरं करतात, आणि जोरात करतात. मग त्या आठवड्याचा तोराचा भाग. वर्षभराचे भाग पाडलेले असतात, प्रत्येक आठवड्याला त्याच्या भागाचं नाव. एका पोराने तो आपल्या शब्दांत सांगितला, बाकीच्यांनी चुका काढल्या. दाराशी एक आजी उभी होती, घरून केक घेऊन आलेली. अर्ध्या-पाऊण तासाचा मामला. सुटताना सगळ्यांनी एकमेकांना "शब्बात शालोम" म्हटलं आणि पोरं पळाली.

मी शिक्षिकेच्या नजरेने बघत होते. एवढ्यात भाषा झाली, गोष्ट झाली, हिशोब झाला, दान झालं, आईबापांचं येणंजाणं झालं. आणि याला आपल्याकडे "उपक्रम" म्हणून अहवाल लिहावा लागतो, फोटो अपलोड करावे लागतात! तिथे तो फक्त शुक्रवार होता.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेचा शनिवार कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. सकाळची शाळा, कवायत, अर्धा दिवस. मुलांना तो आवडतो, मलाही आवडायचा. २०२४ मध्ये सरकारने पहिली ते आठवीसाठी "आनंददायी शनिवार" आणला. योग, खेळ, रस्ता सुरक्षा, गोष्टी, हस्तकला. कल्पना उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. पण आठवड्यातली सगळी मजा उचलून नेमकी शनिवारी ठेवली. ज्या घरात शब्बाथ पाळतात त्या घरातल्या मुलाच्या वाट्याला काय आलं? सोमवार ते शुक्रवार पाढे आणि शुद्धलेखन. मजा शनिवारी, तेव्हा तो घरी.

माझ्या भाच्याची मुलगी तिसरीत होती, मराठी शाळेत. हट्टाने घातली होती आम्ही. शनिवारी जायची नाही. पहिलं वर्ष कुणी काही बोललं नाही. मग हजेरीचं बक्षीस हुकलं, ते ठीक. मग स्नेहसंमेलनाची तालीम शनिवारी, म्हणून नाचातून नाव काढलं. मग एक चाचणी शनिवारी लागली. मी भेटायला गेले. मुख्याध्यापक सज्जन माणूस, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः आमच्यातल्या. तुम्हाला नियम काय सांगायचे? एका मुलीसाठी वेगळं केलं तर उद्या सगळे येतील." मी म्हटलं, येऊ द्या की. सगळे म्हणजे कोण? ते हसले. पुढच्या जूनमध्ये मुलगी इंग्रजी शाळेत गेली. शनिवार-रविवार सुट्टी. फी विचारू नका. आता ती मला "आजी, व्हॉट इज बिरडं?" असं विचारते.

त्या शाळेचं नाव लिहिणार नाही. दोष तिचा एकटीचा नाही.

"तुम्ही नाही का तीस वर्षं शनिवारी शाळेत गेलात?" असं कुणीतरी म्हणेलच. गेले. नोकरी सहा दिवसांची होती, घर चालवायचं होतं. मोठ्या माणसाने पोटासाठी तडजोड करणं वेगळं आणि आठ वर्षांच्या पोरीकडून ती करून घेणं वेगळं.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ झाली आहेत.

"तुम्ही आहात किती?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यू २,४६६. बरोबर, एखाद्या मोठ्या हौसिंग संकुलात मावू. पण याच सरकारने २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला ना? सत्कार झाले, पेढे वाटले गेले. संख्या कमी म्हणूनच दर्जा दिला, आणि काही मागायला गेलं की संख्या कमी म्हणून नाही! आणि संख्या कमी असेल तर खर्चही कमी. एका वर्गात एक मूल, फार तर दोन.

"मग उद्या सगळे मागतील." मागू द्या. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी एखाद्या मुलाला तासभर हवा असेल तर तोही द्या. वारीला जाणाऱ्या घरातलं मूल आठवडाभर येत नाही, तेव्हा आपण शिक्षक हजेरीपटाशी काय करतो, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तिथे आपण माणसासारखे वागतो. मग इथेच नियम का आठवतात?

"कामाचे दिवस भरणार कसे?" हे मला सर्वांत आवडतं, कारण इथे नुसतं गणित आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो: पहिली ते पाचवी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. आठवड्याला पाच दिवस धरले तर २०० दिवस म्हणजे ४० आठवडे, २२० म्हणजे ४४. वर्षात आठवडे ५२. ८०० तास २०० दिवसांत म्हणजे रोज चार तास. कायद्याला शनिवार लागत नाही. शनिवार लागतो तो आपल्या सवयीला. आणि मी तर सगळ्यांना सुट्टी मागतच नाहीये.

सवयी बदलत नाहीत असंही नाही. मुलांची झोप नीट व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश २०२४ मध्ये निघाला. म्हणजे मनात आलं की घड्याळ हलतं. आणि मंत्रालयाचं काय? राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी साहेब घरी. शाळा मात्र त्यातून वगळलेल्या. म्हणजे ज्या माणसाने शनिवारी शाळेत आनंद घ्या असा आदेश काढला, तो स्वतः शनिवारी घरी आनंद घेतोय. मला त्याच्या सुट्टीचा हेवा नाही. पण त्याला शनिवार पाच मिनिटांत मिळाला आणि शनिवार तेल्याच्या नातवंडाला मिळत नाही, हे मला पचत नाही.

दहावीचं तर बोलायलाच नको. २०२५ मध्ये इंग्रजीचा पेपर १ मार्चला आणि इतिहासाचा १५ मार्चला, दोन्ही शनिवार. बोर्डाला लाखो मुलांचं वेळापत्रक जमवायचं असतं, मान्य. तो झगडा वेगळा आणि मोठ्या मुलांचा, त्यांना निदान काय सोडतोय हे कळतं. मी आज फक्त प्राथमिकबद्दल बोलते आहे.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द. रागावलात तरी चालेल. शनिवार मागायचा तर तो पाळावाही लागतो. आपण हिब्रूचे रविवारचे दोन तास ठेवले आणि समजलो की मुलांचं शिक्षण झालं. शुक्रवारी संध्याकाळी आपली पोरं ट्यूशनला, शनिवारी स्विमिंगला. मग मुख्याध्यापकाने "सोमवारी येतो तो स्विमिंगचं मेडल घेऊन" म्हटलं तर त्याचं काय चुकलं? केहिमकरांच्या वेळी समाज गरीब होता. तेली, सुतार, कारकून, पलटणीतले शिपाई. त्यांनी शाळा उभी केली. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा पैसा जास्त आणि धीर कमी. ठाण्याची आपली मशीद १८७९ ची. इतक्या वर्षांत तिच्या आवारात एक मराठी बालवाडी सुरू करता आली नसती? दहा मुलं असती तरी चाललं असतं. शेजारची कोळ्यांची, आगऱ्यांची, मुसलमानांची मुलं आली असती तर उलट बरंच. माझगावला तेच झालं आणि त्यात काही वाईट झालं नाही.

आणखी एक. ज्यू हा शब्द दिसला की काही मंडळी लगेच गाझा घेऊन येतात, काही नेतन्याहूचा जयजयकार घेऊन. दोघांनाही हात जोडून विनंती, ही पोस्ट ठाण्यातल्या तिसरीच्या वर्गाबद्दल आहे. मी तिथली प्रतिनिधी नाही आणि तुमच्या घोषणेचा झेंडाही नाही. आमच्या लोकांना खुद्द इस्रायलमध्ये १९६४ पर्यंत "तुम्ही पुरते ज्यू आहात का" असं विचारत होते, त्यासाठी आंदोलन करावं लागलं. तेव्हा आम्हाला ओळखपत्रं तपासून घ्यायची सवय आहे. पण तिसरीतल्या मुलीला नसते.

मागणी काय, ती नीट वाचा, कारण उद्या कुणीतरी "ज्यूंना सुट्टी हवी" असा मथळा करेल. शाळांना सुट्टी नको. ज्या पालकांनी जूनमध्ये लेखी दिलं की आम्ही शब्बाथ पाळतो, त्यांच्या मुलांची शनिवारची गैरहजेरी गैरहजेरी धरू नये. अशा मुलाच्या वर्गाची चाचणी, तोंडी परीक्षा आणि स्नेहसंमेलनाची तालीम शनिवारी ठेवू नये. आनंददायी शनिवारातला एक तरी उपक्रम आठवड्यात दुसऱ्या दिवशी घ्यावा. तो बुधवारी झाला म्हणून आनंद कमी होत नाही, वर्गातल्या इतर चाळीस पोरांनाही आठवड्याच्या मध्ये थोडा श्वास मिळेल. बुडालेला अभ्यास पालक भरून काढतील, ती हमी पालकांनी त्याच कागदावर द्यावी. यासाठी नवा शिक्षक नको, वर्गखोली नको, निधी नको. एक परिपत्रक पाहिजे, आणि ते आनंददायी शनिवाराच्या परिपत्रकापेक्षा निम्म्या लांबीचं होईल.

निवेदनाचा मसुदा तयार आहे, मराठीत, एक पान. आधी शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आणि मग जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यायचा आहे. ज्यू असायची अट नाही. उलट मराठी शाळा चळवळीतल्या लोकांच्या सह्या मला जास्त हव्या आहेत, आणि शिक्षकांच्या त्याहून जास्त. मला निरोप टाका, कागद पाठवते. ज्यांना प्रत्यक्ष येऊन सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर या, घरी चहा आहे आणि बहुधा चिकाचा हलवाही असेल. शनिवारी फोन केलात तर मी उचलणार नाही.